मोठ्या शहरात राहायचं कुठल्या भागात? रात्री परत यायचा रस्ता आधी बघा

कुठल्याही मोठ्या शहरात जायचं ठरलं की बहुतेक लोक काय करतात, तर तिकिटं काढली की लगेच हॉटेलचं ॲप उघडतात, स्वस्त ते महाग असं लावतात, रेटिंग ८ च्या वर टाकतात आणि मग फोटो बघत बसतात, चादरी, बाथरूम, खिडकीतला व्ह्यू वगैरे. हे सगळं नंतर हो. खोली यथातथा निघाली तरी तिथे झोपण्यापुरतंच जायचं असतं, पण एरिया चुकला की रोज सकाळ-संध्याकाळ त्याचा भुर्दंड, आणि तो पैशात कमी, वेळात आणि चिडचिडीत जास्त. म्हणून क्रम उलटा करा, आधी एरिया पक्का करा आणि मगच त्या एरियात हॉटेल शोधा.

आणि एरिया निवडायला माझा एकच मुख्य निकष आहे, बाकी सगळे त्याच्या मागून येतात. रात्री परत यायला कसं आहे? सकाळी आपण ताजेतवाने असतो, दोन गाड्या बदलायला काही वाटत नाही. रात्री साडेदहाला दिवसभर चालून पाय गेलेले, हातात पिशव्या, एखादं पोर खांद्यावर झोपलेलं, फोनला १२ टक्के बॅटरी, तेव्हा तो प्रवास कसा असेल हे डोळ्यासमोर आणायचं आणि त्यावर ठरवायचं. ट्रॅव्हल साइटवरच्या 'कुठे राहाल' टाइपच्या याद्यांमध्ये हे जवळजवळ नसतंच, तिथे सगळे भाग 'व्हायब्रंट' नाहीतर 'ट्रेंडी' असतात.

'सेंटरपासून २ किमी' या आकड्याला फसू नका

हा आकडा सहसा सरळ रेषेतला असतो, आणि सेंटर म्हणजे कुठलं ते ॲपने ठरवलेलं असतं. तुम्ही पक्षी नाही आहात. मधे नदी असते, रेल्वेचे रूळ असतात, हायवे असतो. इस्तंबूलचं बघा, सुलतानअहमत ते कादिकॉय हे अंतर नकाशावर चार-साडेचार किमी दिसतं, पण मधे अख्खा समुद्र आहे, एक भाग युरोपात आणि दुसरा आशियात, म्हणजे फेरी पकडायची नाहीतर समुद्राखालून जाणारी मार्मारे ट्रेन. दोन्ही छान आहेत, फेरीचा प्रवास तर मुद्दाम करावा असा, पण रोज रात्री शेवटची फेरी किती वाजता हे बघत जेवायचं असेल तर ते आधी माहीत पाहिजे. किंवा दुबई घ्या, शेख झायेद रोड हा बारा-चौदा लेनचा रस्ता, तुमचं हॉटेल अलीकडे आणि जायची जागा बरोब्बर समोर पलीकडे, नकाशावर दोन-तीनशे मीटर, पण चालत ओलांडायचा म्हणजे मेट्रो स्टेशनच्या पुलापर्यंत जा, वर चढा, पलीकडे उतरा आणि मग उलटं चालत या.

आणि मुळात 'सेंटर' एकच असतं हे डोक्यातून काढून टाका. टोकियोला सेंटर कुठलं म्हणाल? शिंजुकू, शिबुया, इकेबुकुरो, उएनो, टोकियो स्टेशन, ही सगळी आपापल्या परीने सेंटरंच आहेत, आणि शहराच्या ऐन मध्यात म्हणावं तर तिथे सम्राटांचा राजवाडा आहे, तिथे आपल्याला कोण खोली देतंय.

आधी पिना लावा

गूगल मॅप्समध्ये (किंवा तुम्ही जे वापरता त्यात) नवीन लिस्ट करा आणि जिथे जिथे जायचंय त्या सगळ्या जागा सेव्ह करा. फक्त एक प्रामाणिकपणा ठेवा, 'नक्की जाणार' आणि 'जमलं तर बघू' या दोन वेगळ्या लिस्ट करायच्या, एरिया ठरवताना फक्त पहिली धरायची. नाहीतर शहराच्या चारी कोपऱ्यांत पिना पडतात आणि काहीच ठरत नाही.

मग नकाशा थोडा लांब करून बघा. पिनांचे दोन-तीन पुंजके दिसायला लागतील. आता इथे बहुतेकांचा हात आपोआप त्या दोन पुंजक्यांच्या बरोबर मधल्या जागेवर जातो, की इथे राहिलं म्हणजे दोन्हीकडे सारखंच अंतर. कागदावर बरोबर आहे, पण मधली जागा ही बरेचदा अशी असते जिथे स्वतःचं काहीच नसतं, ऑफिसं नाहीतर मोठे रस्ते नाहीतर नुसती घरं, म्हणजे दोन्हीकडे जायला प्रवास आणि संध्याकाळी खाली उतरलं तर बघायला भिंती. त्यापेक्षा कुठल्यातरी एका पुंजक्यातच राहा. कुठल्या? जिथे तुमची संध्याकाळ जाणार आहे त्या. म्युझियमं, राजवाडे, किल्ले हे सगळं पाच-सहाला बंद होतं, तिथे दिवसा एकदा जायचं असतं, त्याच्या शेजारी झोपून काय मिळणार. पण नदीकाठ, नाटकं, रात्रीचे बाजार, नुसतं भटकायच्या गल्ल्या, हे ज्या भागात आहे तिथून हॉटेल चालत दहा मिनिटांवर असलं की ट्रिपचा सगळा पोत बदलतो, कारण मग रात्रीचा परतीचा प्रवासच राहत नाही.

याला दोन अपवाद. तुम्ही नऊला झोपणारे आणि सहाला उठणारे असाल तर सगळं उलटं करा, सकाळी लवकर जिथे जायचंय, गर्दी व्हायच्या आधी, तिथे राहा. आणि लहान मुलं किंवा वयस्कर आई-बाबा बरोबर असतील तर दुपारी एकदा खोलीवर येऊन आडवं होता येईल का हे बघा. दुपारची ती दीड तासाची झोप मिळाली तर संध्याकाळ हसतखेळत जाते, नाही मिळाली तर कोण कोणावर आणि कशावरून चिडलंय तेच कळत नाही.

जवळ नको, लाइनवर पाहिजे

चालत जाण्याइतकं जवळ परवडलं तर उत्तमच, पण बहुतेक वेळा परवडत नाही. मग अंतर विसरा आणि मेट्रोची लाइन बघा. सहा किमीवरचं पण गाडी न बदलता जाणारं स्टेशन हे अडीच किमीवरच्या, दोनदा गाडी बदलायला लावणाऱ्या स्टेशनपेक्षा कधीही चांगलं. नकाशावर गाडी बदलणं म्हणजे एक छोटा गोल असतो, प्रत्यक्षात ते लांबच लांब बोगदे, जिने, चुकीच्या प्लॅटफॉर्मवर जाणं आणि परत येणं असतं. शिंजुकूसारख्या स्टेशनला दोनशेच्या वर बाहेर पडायचे मार्ग आहेत, तिथे 'स्टेशनपासून ३ मिनिटं' हे वाक्य कुठल्या एक्झिटपासून ते सांगितल्याशिवाय निरर्थक आहे, चुकीच्या एक्झिटने बाहेर आलात तर तेच पंधरा-वीस मिनिटं होतं.

एक उदाहरण नीट बघूया म्हणजे लक्षात येईल. समजा लंडनला चाललाय, हीथ्रोला उतरणार, पाच रात्री, आणि शेवटी युरोस्टार ट्रेनने पॅरिसला जाणार. आता अंडरग्राउंडच्या, म्हणजे तिथल्या मेट्रोच्या, नकाशावर पिकॅडिली लाइन धरा, ती गडद निळी. ही लाइन हीथ्रोलाच सुरू होते. पुढे अर्ल्स कोर्ट येतं, मग साउथ केन्सिंग्टन म्हणजे तिथली मोठी म्युझियमं, मग नाइट्सब्रिज, हाइड पार्क कॉर्नर, ग्रीन पार्क म्हणजे तिथून चालत बकिंगहॅम पॅलेस, मग पिकॅडिली सर्कस, लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन म्हणजे सगळी नाटकं आणि संध्याकाळची गजबज, मग होबर्न आणि रसेल स्क्वेअर म्हणजे ब्रिटिश म्युझियम, आणि त्यानंतर किंग्ज क्रॉस, ज्याला लागूनच सेंट पँक्रस आहे, तिथून युरोस्टार सुटते. म्हणजे अख्खी ट्रिप एका लाइनवर बसली. टॉवर ऑफ लंडन आणि वेस्टमिन्स्टर तेवढे राहिले, तर ते डिस्ट्रिक्ट लाइनवर आहेत आणि डिस्ट्रिक्ट लाइन अर्ल्स कोर्टला मिळते. त्यामुळे मी असते तर एकतर अर्ल्स कोर्ट, कारण दोन्ही लाइनी हाताशी, किंवा रसेल स्क्वेअर-किंग्ज क्रॉस, कारण तिथून संध्याकाळची ठिकाणं चालत येण्यासारखी आणि शेवटच्या दिवशी बॅगा घेऊन फार फिरायला नको. शिवाय शुक्रवारी-शनिवारी रात्री ही लाइन रात्रभर चालू असते. बाकी कुठलं हॉटेल, कुठली खोली हे नंतर, पण एरिया ठरला आणि त्याला दहा मिनिटं लागली.

टोकियोत हेच काम यामानोते लाइन करते. ३४.५ किमीची गोल लाइन, ३० स्टेशनं, एक फेरा तासाभरात. या गोलावर किंवा गोलाच्या आत कुठेही राहिलात तर फार चुकत नाही. पण त्यातही विमानतळ बघा, नारिताला उतरणार असाल तर स्कायलायनर उएनो आणि निप्पोरीला जाते आणि नारिता एक्सप्रेस टोकियो स्टेशन, शिबुया, शिंजुकू या बाजूला, म्हणजे कुठल्या बाजूला राहताय त्यावर कुठली गाडी ते ठरतं. आणि पॅरिसला जाऊन मुलांना एक दिवस डिस्नेलँड दाखवायचं असेल, जे शहराच्या पूर्वेला ३० किमीच्या पुढे आहे, तर आरईआर ए या उपनगरी रेल्वेच्या लाइनवरच्या एखाद्या स्टेशनजवळ राहा, नासिओं किंवा गार द लिओं वगैरे, मग सकाळी एकच गाडी आणि रात्री दमलेली पोरं घेऊन येतानाही एकच गाडी.

रात्रीची चाचणी

दोन-तीन एरिया शॉर्टलिस्ट झाले की मॅप्समध्ये रूट टाका, पण तो हॉटेल ते प्रेक्षणीय स्थळ असा नाही, उलटा टाका. संध्याकाळी जिथे असणार तिथून हॉटेलपर्यंत, आणि 'आत्ता निघा' वर न ठेवता वेळ बदलून रात्रीचे साडेदहा, वार रविवार करा. मग पुन्हा शनिवारी रात्री बारा करून बघा. बरेचदा दिवसा २५ मिनिटं दाखवणारा रस्ता रात्री ५० होतो कारण गाड्या विरळ झालेल्या असतात किंवा ती लाइन बंदच झालेली असते. माझा अंदाज असा की रात्री दारापासून दारापर्यंत ३५ मिनिटांच्या वर आणि एकापेक्षा जास्त वेळा गाडी बदलणं असेल तर तो एरिया सोडून द्यावा, कितीही स्वस्त असला तरी, कारण दोन रात्रींनंतर तुम्ही टॅक्सी करायला लागता आणि वाचवलेले पैसे तिथेच जातात.

प्रत्येक शहराचं रात्रीचं गणित वेगळं आहे आणि ते गृहीत धरू नका. न्यूयॉर्कचा सबवे २४ तास चालतो, पण मध्यरात्रीनंतर गाड्या वीस-वीस मिनिटांनी आणि एक्सप्रेस गाड्याही बऱ्याच ठिकाणी प्रत्येक स्टेशनला थांबत जातात. पॅरिसची मेट्रो साधारण रात्री सव्वा एकपर्यंत आणि शुक्रवार-शनिवारी सव्वा दोनपर्यंत. टोकियो एवढं मोठं शहर, पण तिथे रात्री एकच्या सुमारास रेल्वे थंड होते ती पहाटे साडेचार-पाचपर्यंत, आणि शेवटची गाडी चुकली तर टॅक्सी चांगलीच महाग पडते. हाँगकाँगला मिड-लेव्हल्स नावाचा डोंगरउतारावरचा भाग आहे, तिथे १९९३ पासून रस्त्यावरच सरकते जिने आहेत, एकूण ८०० मीटरच्या वर, लोकांना फार कौतुक. पण ते सकाळी सहा ते दहा खाली येतात, मग मध्यरात्रीपर्यंत वर जातात आणि त्यानंतर बंद, म्हणजे रात्री साडेबाराला आलात तर चढा पायऱ्या आपल्या आपण.

चढावरून आठवलं, साधा नकाशा सपाट दिसतो. लिस्बन किंवा सॅन फ्रान्सिस्कोला '६ मिनिटं चालत' म्हणजे सहा मिनिटं भिंत चढल्यासारखं असू शकतं. चालायचा रूट टाकला की मॅप्समध्ये बरेचदा चढ किती आहे ते दाखवतात, नाहीतर टेरेन लेयर चालू करून बघा. गुडघे दुखणारं कोणी बरोबर असेल तर हे आधी बघा, आणि स्टेशनला लिफ्ट आहे का हेही, कारण जुन्या मेट्रोंमध्ये लिफ्ट असेलच असं नाही. पॅरिसमध्ये १४ नंबरची लाइन पूर्ण लिफ्टवाली आहे, बाकीच्या जुन्या लाइनींवर बहुतेक ठिकाणी जिनेच जिने. लंडनच्या अंडरग्राउंडचा तर पायऱ्या नसलेली स्टेशनं दाखवणारा वेगळा नकाशाच मिळतो.

पत्ता वाचायला शिका

हॉटेलवाले नावात जवळच्या प्रसिद्ध भागाचं नाव घालतात, जवळ कितीही ताणलेलं असो. त्यामुळे नाव सोडा, पत्ता बघा, पण पत्त्यातही गंमती असतात. बँकॉकला 'सुखुमवित रोडवर' हे ऐकून बरं वाटतं, पण हा रस्ता शहरातून निघून थेट कंबोडियाच्या सीमेजवळच्या त्रात प्रांतापर्यंत जातो, तेव्हा नुसतं सुखुमवित म्हणजे काहीच कळलं नाही. गल्लीचा नंबर बघायचा, तिथे गल्लीला सोय म्हणतात. एका बाजूला विषम नंबर, दुसऱ्या बाजूला सम, आणि ते समोरासमोर जुळत नाहीत. सोय ५५ च्या साधारण समोर सोय ३८ येते. म्हणजे नंबर जवळचे म्हणून गल्ल्या जवळ असं नाही. शिवाय काही सोय एक-दीड किमी खोल आहेत, तोंडाशी स्कायट्रेनचं स्टेशन आणि हॉटेल पार आतल्या टोकाला, आणि त्या उन्हात ते अंतर दिवसातून चार वेळा.

पॅरिसला २० भाग आहेत, मधून सुरू होऊन गोगलगायीच्या शंखासारखे बाहेर फिरत जाणारे, आणि पिनकोडचे शेवटचे दोन आकडे म्हणजे भागाचा नंबर, ७५००४ म्हणजे चौथा. हे सोपं आहे, लहान नंबर म्हणजे मधे. पण तिथेही एकाच १८ व्या भागात मोंमार्त्रची टेकडीही येते आणि गार द्यु नॉर स्टेशनच्या मागच्या बाजूचे अगदी वेगळ्या तऱ्हेचे रस्तेही, त्यामुळे नंबरवर थांबू नका. आणि हे डोकं लंडनला लावू नका, तिथे पिनकोडमधला एसई१ ऐन मधे आहे पण एसई२ पार शहराच्या पूर्व टोकाला, कारण १ नंबर सोडला तर बाकीचे नंबर भागांच्या नावांच्या अक्षरक्रमाने दिलेत, अंतराने नाही. तिथे फेअर झोन, म्हणजे मेट्रोच्या भाड्यासाठी मधून बाहेर पाडलेले पट्टे, बघायचा, झोन १ किंवा २ असला की ठीक.

घर भाड्याने घेणार असाल तर बुकिंग होईपर्यंत नेमका पत्ता बरेचदा दाखवतच नाहीत, नकाशावर एक मोठं वर्तुळ असतं. त्या वर्तुळाच्या या टोकाला स्टेशन आणि त्या टोकाला काहीच नाही असं असू शकतं. सरळ मेसेज करून विचारा, सगळ्यात जवळचं स्टेशन कुठलं, कुठली एक्झिट, तिथून चालत किती मिनिटं, घर कितव्या मजल्यावर आणि लिफ्ट आहे का. जो नीट उत्तर देत नाही त्याच्याकडे राहायचं नाही, विषय संपला. आणि त्या शहराचे नियमही बघा, न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२३ पासून ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीला घर द्यायचं तर मालकाने नोंदणी केलेली पाहिजे आणि तो स्वतः तिथे राहत असला पाहिजे, त्यामुळे 'अख्खा फ्लॅट दोन रात्रींसाठी' दिसला तर जपून. बार्सिलोनाने तर २०२८ च्या नोव्हेंबरपर्यंत पर्यटकांच्या फ्लॅटचे परवाने बंद करायचं २०२४ मध्येच जाहीर केलंय.

एरिया दिवसा वेगळा, रात्री वेगळा

ऑफिसांचे भाग फोटोत चकाचक दिसतात आणि तिथली मोठी हॉटेलं शनिवार-रविवारी बरीच उतरतात, कारण कामाला येणारी माणसं नसतात. लंडनची 'सिटी', म्हणजे तो जुना एक चौरस मैलाचा बँकांचा भाग, तिथे कामाला सहा लाखांवर माणसं येतात आणि राहणारी २०२१ च्या जनगणनेत नऊ हजारही नव्हती. वीकेंडला तिथे शांत झोप लागेल, हॉटेल चांगलं मिळेल, पण रात्री नऊला काही किरकोळ आणायला खाली उतरलात तर बरंच चालावं लागेल. एकट्याने फिरणाऱ्यांना अशा रिकाम्या रस्त्यांवरून परत यायला नको वाटतं, आणि ते बरोबरच आहे, माणसं दिसणारा थोडा कळकट रस्ता हा माणसं नसलेल्या स्वच्छ रस्त्यापेक्षा बरा.

याच्या उलट पार्टीवाले भाग. बुकिंग करताना वाटतं वा, सगळं दाराशी, आणि मग पहाटे तीनला खिडकीखाली गाणी. तिथे राहायचंच असेल तर मुख्य रस्ता सोडून दोन गल्ल्या आत, आणि मागच्या बाजूची खोली मागून घ्या. मोठ्या रेल्वे स्टेशनजवळचा भाग हा तिसरा प्रकार, सोयीला एक नंबर, पण युरोपात कितीतरी ठिकाणी स्टेशनची एक बाजू ठीक आणि दुसरी नकोशी असं असतं, फ्रँकफर्टचा स्टेशनसमोरचा भाग त्यासाठी प्रसिद्धच आहे. पहाटेची गाडी असेल तर एक रात्र जरूर, आठवडा नको.

'तो एरिया सेफ आहे का' हे ग्रुपवर विचारलं की वीस जण वीस उत्तरं देतात, त्यातले निम्मे तिथे गेलेलेच नसतात. त्यापेक्षा स्वतः चालून बघा, म्हणजे गूगल मॅप्सच्या स्ट्रीट व्ह्यूमध्ये, जिथे रस्त्यांचे फोटो दिसतात. तो पिवळा माणूस उचलून स्टेशनच्या नेमक्या एक्झिटवर सोडा आणि हॉटेलच्या दारापर्यंत क्लिक करत जा. फुटपाथ सलग आहे का? रस्त्यावर दिवे दिसतात का? तळमजल्यावर दुकानं, दवाखाना, लाँड्री, शाळा असं काही आहे का, की नुसत्या कंपाउंडच्या भिंती, गोदामं, पार्किंग? एखादा पुलाखालचा बोगदा पार करावा लागतो का? दुकानं, शाळा दिसली म्हणजे तिथे माणसं राहतात, सातनंतरही वर्दळ असणार. फोटो कुठल्या वर्षीचा ते कोपऱ्यात लिहिलेलं असतं ते बघा, आठ वर्षं जुना असेल तर त्यावर फार विसंबू नका. आणि लक्षात ठेवा की ते सगळे फोटो दिवसाचे असतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये पोलिसांच्या साइटवर रस्त्यानुसार गुन्ह्यांचा नकाशाच मिळतो, पण तो वाचताना डोकं वापरा, जिथे पर्यटकांची गर्दी तिथे पाकीटमारी जास्त दिसणारच, त्याने घाबरून भाग सोडायचं कारण नाही.

रिव्ह्यू वाचताना १० वाले आणि १ वाले दोन्ही सोडा, ६-७ देणारी माणसं नीट लिहितात. रिव्ह्यूच्या सर्चमध्ये नॉइज, नाइट, स्टेशन, वॉक, स्टेअर्स असले शब्द टाका. गेल्या सहा महिन्यांतलेच बघा, कारण शेजारी नवीन बांधकाम सुरू झालं असेल तर ते जुन्या रिव्ह्यूत कुठून येणार. काही साइट लोकेशनला वेगळे मार्क देतात, ते कामाचे असतात, पण ते देणाऱ्याची ट्रिप आणि तुमची ट्रिप एक नाही हे धरून.

किती दिवस, त्यावर पण आहे

दोनच रात्री असतील तर पैसे लोकेशनवर टाका, खोली काडेपेटीएवढी का असेना. आठ-दहा दिवस असतील तर मधल्या भागाचा अट्टाहास सोडा, चांगल्या लाइनवरच्या राहत्या वस्तीत जा, जागा मोठी मिळते, खाली रोजची दुकानं असतात, तिसऱ्या दिवसापासून तुम्हालाही रस्ते ओळखीचे होतात. शहर खूपच लांबलचक किंवा दोन तुकड्यांत असेल तर दोन ठिकाणी राहायची आयडिया लोकांना आवडते, पण हॉटेल बदलणं म्हणजे पॅकिंग, चेकआउट, सामान ठेवणं, चेकइन, अर्धा दिवस गेला. सहा रात्रींपेक्षा कमी असेल तर नकोच.

विमानतळाजवळ राहायचं का? फक्त शेवटच्या रात्री, आणि तेही सकाळी सातच्या आतलं विमान असेल तरच. पण आपलं विमान कुठल्या विमानतळावरून आहे हे तिकिटावर नीट वाचा. इस्तंबूलचे दोन मोठे विमानतळ, एक युरोपच्या बाजूला एक आशियाच्या. बँकॉकलाही दोन. लंडनला तर हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्यूटन असे सगळ्या दिशांना. आणि स्वस्त विमान कंपन्या ज्याला पॅरिस म्हणतात तो बोव्हेचा विमानतळ पॅरिसपासून ८० किमीच्या पुढे आहे. पहाटेचं विमान तिथून असेल तर शहरातला कुठलाही भाग जवळचा नाही.

बुकिंग शक्यतो फ्री कॅन्सलेशनवालं करा आणि जायच्या आठवडाभर आधी तोच रात्रीचा रूट परत एकदा टाकून बघा. दुरुस्तीसाठी लाइनी बंद ठेवायचं काम बहुतेक शहरांत वीकेंडलाच काढतात, मॅरेथॉन नाहीतर मोठा कार्यक्रम असेल तर रस्तेही बंद असतात, मेट्रोच्या स्वतःच्या साइटवर हे आधी जाहीर केलेलं असतं. मग स्टेशनचं नाव, एक्झिटचा नंबर आणि हॉटेलचा पत्ता तिथल्या लिपीत असा एक स्क्रीनशॉट काढून बरोबरच्या सगळ्यांच्या फोनमध्ये टाका, आणि त्या भागाचा ऑफलाइन नकाशा डाउनलोड करून ठेवा, रात्री स्टेशनातून वर आल्यावर नेटवर्क यायची वाट बघत उभं राहायला नको.